सारसबाग
पुणे शहरातील पर्वती टेकडीच्या पायथ्याचे इतिहासप्रसिद्ध उद्यान व गणेशमंदिर. नानासाहेब पेशव्यांनी (कार. १७४०–६१) पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर बांधविले व टेकडीची शोभा वाढावी म्हणून पायथ्याशी आंबिल ओढ्याच्या पाण्यावर विस्तीर्ण तळे करविले. खोदकामात मध्यभागी एक बेट राखून त्यावर बाग फुलविण्यात आली, तीच सारसबाग. टेकडी व ओढा निसर्गाचे, तर मंदिर, तळे व बेट मानवनिर्मित, अशी ही एकसंध रचना होती. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत १७८४ मध्ये बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. पुढे विसाव्या शतकात तळे नाहीसे होऊन तेथे सार्वजनिक उद्यान करण्यात आले. मंदिराभोवती आता लहानसे कमळतळे आहे. तथापि ‘तळ्यातला गणपती’ हे लोकांच्या तोंडचे नाव टिकून आहे.

तळे गेले, तरी त्यास पाणी देणारा ओढा राहिला. त्याच्या काठी दाट वस्ती झाली. २५ सप्टेंबर २०१९ रोजी रात्री त्यास महापूर येऊन मोठी जीवितहानी झाली. पेशवेकालीन पुण्याच्या नगररचनेत पाण्यास दिलेल्या जागेचे महत्त्व त्यामुळे नव्याने लक्षात येते.