पाचवं चाक आणि दारावरचा स्टिकर

न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारे ट्रेलर तुम्ही पाहिलेच असतील. त्यातल्या इंजिनवाल्या पुढच्या भागाला आपल्याकडचे ड्रायव्हर ‘घोडा’ म्हणतात. हे नाव इतिहासाच्या दृष्टीनेही चपखल आहे. घोडा आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या लोखंडी तबकडीला इंग्रजीत ‘फिफ्थ व्हील’ म्हणजे पाचवं चाक म्हणतात, आणि हा शब्द थेट घोडागाडीतून आलेला आहे. चारचाकी बग्गी वळवायची तर पुढचा आस वळायला हवा. त्यासाठी आसाच्या वर एक आडवं चक्र बसवत. चार चाकं उभी, पाचवं आडवं. बग्ग्या गेल्या, नाव राहिलं.

आजची पोस्ट एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाबद्दल आहे: अमुक ट्रक अमुक ट्रेलर ओढू शकतो, हे ठरवतं कोण? मी तांत्रिक मानकांचा इतिहास अभ्यासतो, आणि या प्रश्नाइतकं बोलकं उदाहरण मला क्वचितच मिळालं आहे.

सुरुवात डेट्रॉईटपासून करू. १९१४ साली सिब्ली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याला आपली नाव फोर्डच्या मॉडेल टी गाडीमागून न्यायची होती. ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने, जो घोडागाड्याही बांधायचा, त्याला एक जोडगाडी करून दिली. तिला पुढची चाकं नव्हती. पुढचं टोक मोटारीच्या मागच्या भागावर टेकलेलं. म्हणून ती ‘सेमी-ट्रेलर’. सिब्लीला ती इतकी पसंत पडली की त्याने लाकडासाठीही तशाच गाड्या मागवल्या. विमानांमुळे प्रसिद्ध झालेल्या ग्लेन कर्टिसने पुढे हीच कल्पना फिरत्या घरासाठी वापरली. त्याच्या ‘एरोकार’च्या जोडणीत विमानाचं हवा भरलेलं चाक चक्क आडवं ठेवलेलं होतं. ते धक्केही शोषून घ्यायचं.

आता थोडं भौतिकशास्त्र. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरजवळच्या गोळ्याला जोडतात. हा गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या बराच मागे असतो, त्यामुळे तिथे तरफ तयार होते. भार वाढला की गाडीचं नाक उचललं जातं, आणि वाऱ्याने ट्रेलर डोलला की तो गाडीची शेपूट हलवतो. पाचव्या चाकाची जोडणी मात्र पिकअप ट्रकच्या हौद्यात, बरोबर मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसते. तरफ जवळजवळ संपते. म्हणूनच अमेरिकेत मोठी, जड फिरती घरं याच पद्धतीने ओढतात.

पण फुकट काहीच मिळत नाही. साध्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार गाडीवर येतो. पाचव्या चाकावर तो १५ ते २५ टक्के असतो. याला ‘पिन वेट’ म्हणतात. बैलगाडी आठवा. माल मागे जास्त झाला तर गाडी उलार होते, पुढे जास्त झाला तर बैलाचा खांदा सुजतो. म्हणजे बैल किती ओढेल हा एक प्रश्न, आणि त्याचा खांदा किती पेलेल हा वेगळाच प्रश्न.

जाहिरातींनी नेमका हा फरक पुसला. १९८९च्या डॉज रॅममध्ये कमिन्सचं डिझेल इंजिन आलं तेव्हा त्याचा टॉर्क ४०० पाउंड-फूट होता. तीस वर्षांत, २०१९ साली, तो १००० वर पोचला. ओढण्याच्या क्षमतेचे आकडेही तसेच चढत गेले. २०१३च्या रॅम ३५०० ची कमाल क्षमता ३०,००० पाउंड, म्हणजे साडेतेरा टनांहून जास्त, सांगितली गेली. अडचण अशी की बराच काळ हा आकडा काढण्याची सामाईक रीत नव्हती. प्रत्येक कंपनीची चाचणी वेगळी. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढायची आणि गुणही स्वतःच द्यायचे, असा प्रकार!

२००८ साली एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक प्रसिद्ध केलं. त्यातली सर्वांत गाजलेली चाचणी म्हणजे अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ. ११.४ मैलांत जवळपास ९०० मीटर चढायचं, तेही ३८ अंश सेल्सिअसच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून. साध्या मागच्या चाकांच्या ट्रकचा वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये. मागे दुहेरी चाकं असतील तर ३५.

मानक आलं, पण ते पाळणं ऐच्छिक होतं. टोयोटाने २०११च्या मॉडेलपासून ते सर्वांत आधी स्वीकारलं, आणि त्यांच्या टुंड्रा ट्रकचे आकडे खाली आले. ट्रक तोच, मोजमाप प्रामाणिक. डेट्रॉईटच्या तिन्ही कंपन्यांचे नेहमीचे पिकअप या रांगेत यायला २०१५ची मॉडेल्स उजाडली. कारण उघड आहे: स्वतःचा आकडा आधी कमी करून दाखवायला कोण तयार होईल?

मग आता सगळं ठीक झालं का? नाही. जे२८०७ च्या चाचणीत साधारणतः ड्रायव्हर आणि एकच प्रवासी धरतात, प्रत्येकी ६८ किलोचे. मुलं, कुत्रा, अवजारांची पेटी यांतलं काहीच त्यात नसतं. एक हिशेब करून बघा. समजा, भरलेला ट्रेलर ६००० किलोचा आहे आणि ट्रकची जाहिरातीतली क्षमता ८००० किलो. वाटतं, चिक्कार जागा आहे. पण पिन वेट २० टक्के धरलं तर १२०० किलो झाले. हौद्यातली जोडणी ९० किलो, चार माणसं आणि सामान ३०० किलो. एकूण १५९०. आणि दारावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि माल मिळून ११५० किलोंच्या वर नको. ओढायला ट्रक समर्थ, पेलायला नाही.

यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेत १०,००० पाउंडांच्या, म्हणजे ४,५३६ किलोंच्या, वर गेलेल्या गाडीला व्यावसायिक वाहनाचे नियम लागू होऊ शकतात. म्हणून कित्येक ट्रकचं कमाल एकूण वजन कागदावर नेमकं या रेषेपाशी थांबवलेलं असतं. आता त्याच ट्रकमध्ये जड डिझेल इंजिन टाकलं की एकूण मर्यादा तीच राहते, ट्रकचं स्वतःचं वजन वाढतं, आणि पेलण्याची क्षमता घटते. जास्त ताकदीसाठी जास्त पैसे मोजणारा माणूस पेलायची क्षमता गमावून बसतो! आणि हे त्याला कळतं ते ट्रेलर दारात उभा राहिल्यावर.

यावरचा उपाय जुनाच आहे: वजनकाटा. सगळं भरून, सगळ्यांना बसवून, ट्रक काट्यावर न्यायचा आणि प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं घ्यायचं. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा त्याच्या आणि टायरच्या मर्यादेत आहे का, ते आधी बघायचं. चढावर इंजिन कमी पडलं तर गाडी हळू होते, एवढंच. पण उतारावर तापलेला ब्रेक किंवा जादा भाराने फुटलेला टायर दुसरी संधी देत नाही, आणि समोरून येणाऱ्या गाडीतल्या माणसाने तर तुमची जाहिरात वाचलेलीही नसते.

माझ्यासाठी या सगळ्यातून निघणारी गोष्ट एवढीच: मानक आकड्याला प्रामाणिक करू शकतं, पण तो आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे आपल्यालाच विचारावं लागतं. ‘किती ओढेल?’ हे जाहिरात सांगते. ‘किती पेलेल?’ हे दारावरच्या लहानशा स्टिकरवर लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी कुठल्याही यंत्राच्या क्षमतेचा मोठ्ठा आकडा दिसला, तर आधी त्याचं दार उघडून बघा.