यंत्रमानव-स्पर्धा, शालेय

विद्यार्थ्यांच्या संघाने स्वतः जुळविलेल्या यंत्रमानवाकडून नेमून दिलेली कामे ठरावीक मुदतीत करवून घेण्याची स्पर्धा. अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापिलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेमुळे तिचा प्रसार झाला. संस्थेच्या ‘लेगो लीग’ या बालशाखेत यंत्र अडीच मिनिटे केवळ आज्ञावलीवर चालते. बॅटरी किंचित उतरली वा चाकाला धूळ लागली, की काल अचूक साधलेले वळण आज हुकते, आणि ते का हुकले याचा छडा लावण्यातच खरे शिक्षण घडते. भारतात अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या ‘टिंकरिंग’ (हाताने करून पाहण्याच्या) प्रयोगशाळेसाठी शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मंजूर होऊ लागले.

लातूर जिल्ह्यात कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या, आपल्याच नावाच्या गोवंशामुळे ख्यातकीर्त असलेल्या देवणीसारख्या तालुक्याच्या गावी सोयाबीन-तुरीच्या रानातील व गोठ्यातील प्रश्नच संघाला विषय म्हणून पुरेसे आहेत; आरंभास आर्डुइनो हा नियंत्रक-फलक, मोटारी चालविणारा परिपथ, दोन मोटारी व बॅटरी असा मोजका सरंजाम चालतो. गणितात अव्वल मुलांनाच संघात घेण्याचा प्रघात मात्र सर्वथा त्याज्य होय. पाना चालविणारा, जमाखर्च ठेवणारी आणि परीक्षकांपुढे न अडखळता बोलणारी, यांवाचून संघ उभा राहत नाही.