विकरांचे प्रथिनस्वरूप : एका वादाचा इतिहास

विकर हे जैविक उत्प्रेरक असून ते बहुतांशी प्रथिने असतात, हे विधान आज कनिष्ठ महाविद्यालयाच्या पाठ्यपुस्तकातही निःशंकपणे केले जाते. (काही आरएनए रेणूही उत्प्रेरक असतात, हे १९८२ पासून ज्ञात झाले.) तथापि या विधानाच्या उत्तरार्धास दीर्घकाळ विरोध झाला. प्रस्तुत निबंधात त्या विरोधाचा विचार केला आहे.

पायेन व पेर्सो यांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या सातूच्या अर्कातून स्टार्चचे शर्करेत रूपांतर करणारे डायास्टेज मिळविले. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशीविरहित रसातही किण्वन होते हे दाखविले. मात्र हे कार्य करणारा पदार्थ रासायनिकदृष्ट्या कोणता, हा प्रश्न उरलाच.

१९१५ चे नोबेल पारितोषिक विजेते रिखार्ड विल्स्टेटर यांच्या मते प्रथिन हे केवळ वाहक होय. खरा उत्प्रेरक त्यास चिकटलेला लहान रेणू असावा. त्यांची शुद्ध केलेली द्रावणे क्रियाशील असत, परंतु प्रथिनाच्या तत्कालीन कसोट्यांना प्रतिसाद देत नसत. हा तर्क सदोष नव्हता, कसोट्या स्थूल होत्या. विकर सक्रियण ऊर्जा कमी करते आणि अभिक्रियेअखेर पूर्वरूपात मोकळे होऊन पुन्हा कार्यास लागते. त्यामुळे त्याची अत्यल्प मात्राही पुरते. ज्या गुणामुळे विकर ओळखले जाते, त्याच गुणाने त्याचे द्रव्य दृष्टीआड ठेवले, असे म्हणता येईल.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स समनर यांनी १९१७ मध्ये जॅक बीनच्या पिठातून युरिएज वेगळे करण्यास प्रारंभ केला. डावखुऱ्या समनर यांनी किशोरवयातच शिकारीतील अपघातात डावा हात गमावला होता. १९२६ मध्ये त्यांना युरिएजचे स्फटिक मिळाले. हे स्फटिक प्रथिनाचे होते आणि त्यांचे द्रावण युरियाचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइडमध्ये वेगाने विघटन करीत होते. स्फटिकास खरे विकर केवळ चिकटलेले असेल, हा आक्षेप विल्स्टेटर यांच्या प्रतिष्ठेमुळे अधिक वजनदार ठरला. पण तो निराधार नव्हता. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळविले. पुनःपुन्हा स्फटिकीकरण करूनही प्रथिन व क्रियाशीलता यांचे प्रमाण बदलले नाही, तेव्हा आक्षेपाचा आधार गेला. १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग समनर यांना, उरलेला नॉर्थ्रॉप व वेंडेल स्टॅन्ली यांना मिळाला.

पुढे १९७५ मध्ये जॅक बीनच्या याच युरिएजमध्ये निकेल आढळले आणि ते त्याच्या क्रियेस आवश्यक असल्याचे दिसून आले. प्रथिनेतर घटकाविषयीची विल्स्टेटर यांची शंका म्हणून सर्वथा टाकाऊ ठरत नाही.