कथाबीजांची गर्दी

लेखकाला काही सुचत नाही, या व्यथेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. फार सुचते, ही व्यथा मात्र क्वचितच बोलून दाखवली जाते. एक कथा अर्ध्यावर असताना दुसरी खुणावू लागते, तिच्यामागून तिसरी येते आणि दिवाळी अंकाची मुदत संपते, तेव्हा हाती उरतात ती केवळ अपुरी हस्तलिखिते.

रशियन कथाकार अंतोन चेकॉव्ह (१८६०-१९०४) यांना हा पेच वयाच्या २८व्या वर्षी पडला होता. पाच दीर्घकथा आणि दोन कादंबऱ्यांचे विषय डोक्यात अडकून पडले आहेत, असे त्यांनी ऑक्टोबर १८८८ मध्ये प्रकाशक अलेक्सेई सुवोरिन यांना कळवले. जे लिहून होत होते ते त्यांना रुचत नव्हते आणि जे मनात होते ते कागदावर उतरत नव्हते. त्या काळात हाती घेतलेली कादंबरी अखेर अपुरीच राहिली.

१८९१ पासून चेकॉव्ह टिपणवही ठेवू लागले. एखादे आडनाव, एखादे वाक्य, दोन-तीन ओळींत एखादा प्रसंग, एवढाच नोंदींचा आवाका असे. वापरलेली नोंद ते खोडून टाकत. अखेरच्या वर्षांत त्यांनी न वापरलेल्या नोंदी निवडून दुसऱ्या वहीत उतरवून घेतल्या.

हेन्री जेम्स यांची रीत याहून कडक होती. १८९३च्या नाताळच्या सुमारास एका भोजनप्रसंगी, घरातील सामानावरून आई-मुलात झालेल्या वादाची हकिकत त्यांच्या कानी आली. पहिल्या काही शब्दांतच त्यांना कथाबीज सापडले. पुढचा तपशील त्यांना नकोसा वाटला. त्यातून ‘द स्पॉइल्स ऑफ पॉयन्टन’ (१८९७) ही कादंबरी उभी राहिली. ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ची नोंद जानेवारी १८९५ची आहे, कथा प्रसिद्ध झाली १८९८ मध्ये.

या दोघांच्या वह्यांतून एक व्यवहार स्पष्ट होतो. सुचलेले टिपणे आणि लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. टिपण थोडक्यातच असावे. फार तपशील लिहिला की लिहिण्याची ओढ तिथेच शमते. टिपून झाले की हातातल्या कथेकडे परतावे. काही महिन्यांनी वही पुन्हा चाळावी. जे बीज मधल्या काळात मनात वाढले असेल, त्याचीच निवड करावी. कधी दोन नोंदी मिळून एक कथा होते. जी नोंद वाचून काहीच हलत नाही, ती निःसंकोच सोडून द्यावी.

सोडून देणे हाच यातला अवघड भाग. चेकॉव्ह यांच्या मृत्यूनंतर वह्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कित्येक नोंदी तशाच पडून असल्याचे दिसले. पण वह्या भरत होत्या त्याच वर्षांत ‘वॉर्ड नंबर सहा’ (१८९२) आणि ‘द लेडी विथ द डॉग’ (१८९९) या कथा लिहून पूर्ण झाल्या. वाचकांना चेकॉव्ह आठवतात ते या पूर्ण झालेल्या कथांमुळे.