तीन तारांपासून एका धाग्यापर्यंत

स्मरणिका समितीच्या मंडळींनी सांगितलं, "काका, तुम्ही जुने सभासद, सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा." पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स डीड, रंगकाम यांवर इतर सभासद लिहीत आहेतच. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे हिशेबाच्या वह्या आणि जुनी बिलं जपून ठेवायची खोड आहे. त्या फायली चाळताना लक्षात आलं की फोन, टीव्ही आणि इंटरनेट यांच्या बिलांवरून आपल्या २८ घरांचा २५ वर्षांचा इतिहास सांगता येईल. म्हणून हा विषय निवडला.

पी.पी. नंबरचे दिवस

आपल्यापैकी बरेच जण कोथरूडला येण्याआधी पेठेतल्या वाड्यात राहत होते. आम्ही सदाशिव पेठेत होतो. वाड्यात फोन एकच, मालकांकडे. आमच्या लग्नपत्रिकेवर, माझ्या अर्जांवर, सगळीकडे तोच नंबर आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहिलेलं. फोन आला की मालकांचा मुलगा चौकातून हाक मारायचा आणि मग जिन्यावरून धावत जायचं. काय बोलणं झालं ते अर्ध्या वाड्याला कळायचं!

मी स्वतःच्या फोनसाठी १९८६ साली अर्ज केला. त्याच वर्षी मुंबई-दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम निघालं. पुणे मात्र सरकारच्या दूरसंचार खात्याकडेच राहिलं. माझा फोन लागला १९९३ मध्ये. लाइनमनला पेढे दिले होते, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. एसटीडीचे दर रात्री अकरानंतर पाव व्हायचे, म्हणून नाशिकच्या बहिणीशी बोलायला आम्ही डोळे चोळत जागे राहायचो.

टीव्हीचंही तसंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुण्याला ते सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे दिसायचं. त्यामुळे पुण्यातल्या सगळ्या गच्च्यांवरच्या अँटेनांची तोंडं सिंहगडाकडे. वारा आला की एकाने गच्चीवर जायचं आणि दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "आता आलं! नाही, गेलं!"

२००० साल आणि तीन तारा

आपली सोसायटी नोंदली गेली २००० मध्ये. योगायोग असा, की त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दूरसंचार खात्याच्या सेवा वेगळ्या काढून बीएसएनएल स्थापन झालं. म्हणजे आपली सोसायटी आणि ती कंपनी एकाच वयाच्या. तोपर्यंत प्रतीक्षा यादी ओसरली होती. आपल्या इमारतीत वर्षभरात २५ घरांत फोन आले. नंबर सात आकडी होते. पुढे आधी २ लागून ते आठ आकडी झाले.

दुसरी तार केबलची. १९९१ च्या आखाती युद्धापासून केबलचं वेड सुरू झालं होतं, १९९२ मध्ये झी आला, आणि आपण इथे राहायला आलो तोवर अल्फा मराठी, ई टीव्ही मराठी असे आपल्या भाषेतले चॅनेलही आले होते. केबलवाल्याचा मुलगा काळ्या तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून शेजारच्या इमारतीवरून, मधल्या गुलमोहरावरून, थेट आपल्या गच्चीवर तार फेकायचा. दर महिन्याला दारात येऊन पैसे न्यायचा आणि पाठीमागच्या कार्डावर सही करायचा. ती सगळी कार्डं माझ्याकडे आहेत.

तिसरी तार खरं म्हणजे वेगळी नव्हतीच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, पण आपल्या सोसायटीत ते २००१ च्या सुमारास शिरलं. संचारनेटचं कार्ड आणायचं, मोडेम करकर आवाज काढायचा आणि तेवढा वेळ फोन एंगेज! माझी मुलगी नेटवर असताना फोन लागला नाही म्हणून माझ्या साडूंनी रिक्षा करून घरी येऊन चौकशी केली होती.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने ब्रॉडबँड आणलं. त्याच तांब्याच्या तारेवर एक छोटी डबी बसवली, की फोन आणि नेट एकाच वेळी. सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती २५६ केबीपीएस. आज हसू येईल, पण तेव्हा ते विमान वाटलं होतं. महिन्याचं डाउनलोड मोजून मिळायचं. रात्री दोन ते सकाळी आठ मात्र मोजमाप नाही. त्यामुळे सोसायटीतली कॉलेजची पोरं दोनचा गजर लावून उठायची. अभ्यासाला उठतात असं वाटून काही आयांनी दूधही गरम करून दिलं होतं.

त्या काळातला एक प्रसंग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. २००५ साली भारनियमन होतं. एका संध्याकाळी वीज नसताना बी विंगमधल्या एका काकांच्या छातीत दुखू लागलं. घरात ते आणि काकू, दोघेच. त्यांचा कॉर्डलेस फोन विजेअभावी बंद. काकू अंधारात जिना उतरून आमच्याकडे आल्या. आमचा साधा, बटणांचा फोन चालू होता. डॉक्टरांना फोन केला, रुग्णालयातून गाडी मागवली. काका पुढे अकरा वर्षं आपल्यात होते.

वीज नसताना तो फोन कसा चालला, याचा विचार त्या दिवशी कुणी केला नाही. उत्तर सोपं आहे. तांब्याच्या तारेतून नुसता आवाज येत नसे, एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची वीजही येत असे. आपल्या घरात अंधार असो, एक्सचेंज जागं असेल तोवर फोन जागा.

छत्र्या, डबे आणि सर्वसाधारण सभा

पुढची काही वर्षं टीव्हीची. डीटीएच आलं आणि २००६ नंतर बाल्कन्यांवर छत्र्या उगवल्या. आपल्या इमारतीचा पुढचा भाग इतका विद्रूप दिसू लागला, की वार्षिक सभेत दोन तास भांडण झालं. शेवटी 'छत्र्या गच्चीवरच बसवाव्यात' असा ठराव मंजूर झाला. सूचक मी होतो, आणि सर्वांत शेवटी छत्री हलवली तीही मीच. हे इथे कबूल करतो.

मार्च २०१३ अखेर पुण्यात केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं आणि घरोघरी डबा आला. मग फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेल निवडून पैसे भरायचा नियम आला. १०० चॅनेलपर्यंत १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क चॅनेलचे वेगळे. मी तक्ता करून नोटीस बोर्डावर लावला होता. आठ-दहा घरांनी त्यावरून चॅनेल निवडले, याचं मला अजून समाधान आहे.

एका धाग्यावर सगळं

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. माझी लेक, जावई आणि नातू आमच्याकडे अडकले. लेकीचं ऑफिस, जावयांच्या मीटिंगा, नातवाची शाळा, सगळं त्या एका तांब्याच्या तारेवर. नातू म्हणायचा, "आजोबा, बाई हलतच नाहीत." शेवटी लेक म्हणाली, "बाबा, आता फायबर घेऊया. नेट, टीव्ही, फोन तिन्ही एकत्र मिळतं."

मी दोन आठवडे अभ्यास केला. फोन-ब्रॉडबँडचे साधारण नऊशे आणि केबलचे साडेतीनशे, मिळून साडेबाराशे जात होते. नवा प्लॅन ९९९ चा. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७८ रुपये ८२ पैसे. फायदा महिना जेमतेम सत्तर रुपये, पण वेग १०० एमबीपीएसच्या वर. म्हणजे २००५ च्या मानाने जवळजवळ चारशे पट!

२०२१ च्या सुरुवातीला दोन तरुण मुलं आली. डक्टमधल्या पेटीतून त्यांनी केसासारखा बारीक धागा घरात आणला. काचेच्या तंतूतून प्रकाशाने संदेश दूरवर नेता येतील हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं आणि २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, हे मी वाचलं होतं. तो धागा आमच्या दिवाणखान्यात आला तेव्हा खरोखर हात जोडावेसे वाटले. तासाभरात तिन्ही गोष्टी चालू झाल्या. आमच्या सौ.ना सह्याद्री वाहिनी सापडायला मात्र चार दिवस लागले. पहिल्या महिन्याचं बिल बघून मी जुना फोन बंद करण्याचा अर्ज दिला. डिपॉझिट यथावकाश परत आलं. केबलवाल्या मुलाचा निरोप घेतला. मुलगा कसला, त्याचेही केस पांढरे झाले होते.

नावेची बाजू

बँकेत आम्हाला शिकवलं होतं, जमा पाहिली की नावे पाहा. प्लॅनच्या कागदावर जमेची बाजू छापलेली असते. नावेची बाजू आपण लिहायची असते. मी ती लिहिली नव्हती.

पहिली नोंद नंबरची. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, ती सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. १९९३ चा माझा नंबर (दोन्ही घरांना तोच मिळाला होता, फक्त आकडे वाढले) अर्जाबरोबर गेला. मला वाटलं, आता मोबाइल आहेत, काय बिघडलं? दुसऱ्या वर्षी साताऱ्याच्या शाखेतले माझे जुने सहकारी वारले. वहिनींनी त्यांच्या डायरीतला माझा नंबर दोन दिवस लावला. मला कळलं ते तेराव्यानंतर, तिसऱ्याच माणसाकडून. भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी ती डायरी दाखवली. माझ्या नावापुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'लागत नाही'.

दुसरी नोंद विजेची. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलं, तो दिवस सगळ्यांना आठवत असेल. आपल्याकडे पाणी आलं नाही, पण वीज पहाटेपासून गेली होती. मी औषधं आणायला बाहेर पडलो. मागे आमच्या सौ.चा पाय बाथरूममध्ये घसरला. त्या कशाबशा सरकत फोनपर्यंत आल्या. फोन मुका. काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरातली वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद म्हणजे नेट, टीव्ही, फोन तिन्ही बंद. मोबाइल रात्रभर चार्ज न झाल्यामुळे संपलेला. मी तासाभराने आलो, तोवर त्या जमिनीवरच बसून होत्या. मनगटाचं हाड मोडलं होतं. मला म्हणाल्या, "अहो, जुना फोन असता तर निदान शेजारी तरी आले असते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या फोनमुळे १९ वर्षांपूर्वी शेजारच्या काकांना मदत मिळाली, तो मी माझ्या सहीने बंद केला होता.

दोष कंपनीचा नाही. नवी सेवा चांगलीच आहे. अमेरिकेतला मुलगा रोज समोर बसून बोलतो, हे त्या धाग्याचंच देणं. पण जुनी तार दोन गोष्टी न सांगता देत होती, वीज आणि कायमचा पत्ता. त्या बिलात कधी लिहिलेल्या नव्हत्या, म्हणून गेल्या तेव्हाही कळलं नाही.

आज आपल्या २८ पैकी २४ घरांत फायबर आहे. ११ घरांत फक्त ज्येष्ठ मंडळी राहतात. म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझ्या चार सूचना आहेत. राउटरला छोटा यूपीएस लावावा, वीज गेल्यावर काही तास तरी फोन चालतो. डक्टमधल्या फायबरच्या पेटीला वीज लागत असेल, तर ती सोसायटीच्या इन्व्हर्टरवर घ्यावी, कारण अशी पेटी बंद पडली तर घरातल्या यूपीएसचा उपयोग नाही. जुना नंबर सोडणाऱ्याने आधी तीन महिने दोन्ही चालू ठेवून सगळ्यांना, विशेषतः डायरीत नंबर लिहिणाऱ्यांना, नवा नंबर कळवावा. आणि प्रत्येक घरात शेजारच्या चार घरांचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीवर लावावेत.

पहिल्या दोन्ही गोष्टींचं अंदाजपत्रक मी समितीकडे दिलं आहे. या वेळी ठराव झाला, तर अंमलबजावणीत मी पहिला असेन, छत्रीसारखा शेवटचा नाही. आणि वाड्यात असताना हाक मारली की माणूस धावत यायचा, ती सोय कुठल्याच प्लॅनमध्ये मिळत नाही. ती गेल्या २५ वर्षांत आपण एकमेकांना दिली आहे, पुढेही देत राहू.