येणे बाकी : भयकथेच्या अभ्यासाची प्रस्तावना

भयकथा वाचायला कुणाला आग्रह करावा लागत नाही. तिचा अभ्यास करा म्हटले की मात्र माणसे संकोचतात. नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून पाने सुटी होईपर्यंत फिरल्या, रत्नाकर मतकरींच्या गूढकथांची पारायणे झाली. पण या दोघांनी वाचकाला नेमके कशाने घाबरवले, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा मनावर घेतला नाही. तो मनावर घेणाऱ्या प्रत्येकाचे या क्षेत्रात स्वागत आहे. भुतांवर विश्वास असण्याची अट नाही. उलट, नसलेला बरा. का ते पुढे सांगतो.

आरंभ दूर कुठे शोधायला नको. भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत : बतावणीच्या भयाचा, अपराधातून उपजलेल्या भयाचा आणि धाकातून उपजलेल्या भयाचा. फ्रॉइडने १९१९मध्ये ओळखीच्याच गोष्टीत दडलेल्या भीतीवर निबंध लिहिला, नोएल कॅरलने १९९०मध्ये भयकथेचे तत्त्वज्ञान मांडताना कुठल्याच वर्गात न बसणाऱ्या राक्षसी आकृत्यांचा विचार केला. दोघेही वाचावेत. पण एकच भूत एका गोष्टीत आपली झोप उडवते आणि दुसरीत कंटाळा आणते, ते का, याचे उत्तर मला भरताच्या मधल्या प्रकारात अधिक सापडते.

बाकीचे दोन प्रकार आधी पाहू. दार आपटले, पार्श्वसंगीत किंचाळले, प्रेक्षक दचकला, हे धाकाचे काम. ते शरीर करते, मनाला त्यात फारसा भाग नसतो; दिवे लागले की संपते. बतावणीचे भय मात्र हलके समजू नये. मराठी रंगभूमीचे बालपणच त्यावर पोसले. विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले आणि पुढच्या पौराणिक नाटकांत राक्षसांचा आरडाओरडा इतका गाजला, की त्या नाटकांना ‘अलल्डुर्र’ हे नावच पडले. त्याच भाव्यांच्या नावाचे नाट्यगृह आज वाशीत आहे. अशा नाट्यगृहात बालनाट्याच्या वेळी पहिल्या रांगांकडे पाहावे. चेटकीण आली की मुले आईच्या कुशीत तोंड लपवतात आणि बोटांच्या फटीतून पाहतही राहतात. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण मतकरींनीच लिहिली. बँक ऑफ इंडियात वर्षानुवर्षे नोकरी करता करता मध्यमवर्गीय घरांतले भय गूढकथांत आणणारा हाच लेखक मुलांना घाबरण्याचा खेळही शिकवत होता. चिंची रंगवणारे दिलीप प्रभावळकर पुढे ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) बाहुल्यात शिरणारा तात्या विंचू झाले. तो चित्रपट विनोदी, तरीही त्या बाहुल्याने एका पिढीला रात्री पलंगाखाली वाकून पाहायला लावले. हसू आणि भय इतके शेजारी कसे राहतात, यावर कुणीतरी नीट लिहायला हवे.

आता अपराधाचे भय. आपल्या परंपरेतली भुते एकत्र मांडून पाहावीत. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा. बाळंतपणात दगावली, ती हडळ. ज्याचे दिवसपाणी करायला कुणी उरले नाही, तो समंध. बुडून मेला, तो गिऱ्हा. प्रत्येकाचे काहीतरी राहून गेले आहे आणि ते जिवंतांकडून येणे आहे. भूत हा आपला सावकार असतो. तो दाराशी येतो तेव्हा घरातल्यांना मनोमन ठाऊक असते, की त्याचा हिशेब खरा आहे. गोष्ट खरोखर भिववते ती या ठिकाणी. निव्वळ दुष्ट भुताशी लढता येते, मांत्रिक बोलावता येतो. ज्याची मागणी रास्त आहे त्याच्याशी लढणार कसे?

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) याच कसोटीवर पाहा. त्याचे बीज बर्वे यांनी जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकलेल्या धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, आणि ‘आजी’चे मूळ स्टीफन किंगच्या कथेत. नाव आले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. इतका प्रवास करूनही ती भीती परकी वाटत नाही, कारण ती कोकणातल्या पावसात, वाड्यात आणि वारशाच्या लोभात रुजवली आहे. त्यातला राक्षस हस्तर सोन्याचा धनी, पण अन्नाला मोताद. कणकेची बाहुली टाकायची, तो ती खाईपर्यंत मोहरा ओढायच्या. नियम आपल्याला स्पष्ट सांगितलेला असतो. नायक विनायकाची हाव हा नियम मोडायला लावणार, हे आपल्याला त्याच्याआधी कळते आणि आपण तो क्षण येण्याची वाट पाहत बसतो. त्याहून वाईट म्हणजे बाप हीच विद्या मुलाला शिकवतो. माझ्या लेखी त्या चित्रपटातले सर्वांत भयंकर दृश्य राक्षसाचे नाही, त्या शिकवणीचे आहे.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) तर भर दिवसा, उसाच्या फडात घाबरवतो. अंधाराची मदत त्याला लागत नाही, कारण मुलगी नकोशी मानणाऱ्या घराने केलेले खून प्रेक्षकाला परके नाहीत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४मध्ये कायदा करावा लागलेल्या देशात ती भुते उपरी ठरत नाहीत.

इथेच भयकथा आणि अंधश्रद्धा यांच्या वाटा फुटतात. भयकथा अपराधाचे बोट आपल्याकडे, आपल्या घराकडे वळवते. अंधश्रद्धा तेच बोट वस्तीतल्या एखाद्या एकट्या बाईकडे वळवते आणि तिला चेटकीण ठरवते. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३मध्ये खून झाला आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. या विषयाच्या अभ्यासकाने ते वर्ष विसरू नये. भुतावर विश्वास नसलेला वाचकच भुताचा अर्थ मोकळेपणाने वाचू शकतो, असे मी म्हणतो ते यासाठी.

नवी मुंबईत राहून हे लिहिताना एक आक्षेप हमखास ऐकू येतो : सेक्टर आणि प्लॉट क्रमांकांच्या या शहरात भयकथा कुठून येणार? इथे वाडा नाही, पडकी विहीर नाही. इमारतीतही भूत नांदते हे रामगोपाल वर्मांच्या ‘भूत’ने (२००३) एकही गाणे न वापरता दाखवले, तेव्हा वाड्याची अडचण तशी संपली आहे. पण माझे उत्तर निराळे आहे. १९७०मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची भातशेती, मिठागरे, खाडीकाठ या शहराखाली गेला. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. येणे बाकी असलेले शहर भयकथेला कमी पडेल, असे मला वाटत नाही. अट एवढीच, की लिहिणाऱ्याने त्या मृतांना निव्वळ शहारे आणायला वापरू नये. त्यांची मागणी काय होती हे आधी समजून घ्यावे.

म्हणून नव्या अभ्यासकाला सुचवतो : धारप आणि मतकरी वाचून झाले की गावठाणांत जा. आगरी-कोळी घरांतल्या आजी-आजोबांकडून खाडीच्या, बांधांच्या, वेशीच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. भूत कसे दिसते हे विचारू नका, ते सगळे सांगतातच. ते कुणाचे आहे, कुठल्या जागी अडवते आणि काय मागते हे विचारा, आणि ती जागा आज कोणत्या सेक्टरात येते तेही वहीत लिहून ठेवा.