औषधास न जुमानणारें गवत

नाचणीच्या शेतांत बेणणी करणाऱ्या कोंकणांतील बायकांना एक गवत चांगलें परिचयाचें आहे. तें नाचणीच्याच कुळांतलें असून कोवळेपणीं अगदीं नाचणीसारखें दिसतें. बुंध्याशीं मात्र चपटें व पांढुरकें असतें, आणि त्या खुणेवरून जाणता हात तें ओळखून उपटतो. वनस्पतिशास्त्रांत त्यास इल्युसाइन इंडिका असें नांव आहे. पायवाटेवर, अंगणांत, कोठेंहि उगवणाऱ्या या क्षुद्र गवतानें मलेशियांतील तेलताडाच्या मळ्यांत रसायनशास्त्राचा जो पाडाव केला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. या हकीकतीशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें श्रोत्यांनीं समजूं नये. परदेशांतून पामतेल आणणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक पहिला आहे. तेव्हां त्या मळ्यांतील सुखदुःखाचा अंश आपल्या कढईपर्यंत पोंचतोच.

तेलताड हा मूळचा पश्चिम आफ्रिकेंतला. १८४८ सालीं त्याचीं चार रोपें जावा बेटांतील बोगोर येथील वनस्पति-उद्यानांत लावण्यांत आलीं. पुढें पुष्कळ वर्षें तो शोभेचा वृक्ष म्हणूनच वाढला. व्यापारी लागवड सुमात्रांत १९११ पासून सुरू झाली, आणि १९१७ सालीं आंरी फोकोनिए या फ्रेंच गृहस्थानें सेलांगोर संस्थानांत तेन्नामाराम येथें मलायांतील पहिला व्यापारी मळा लावला. हे गृहस्थ लेखकहि होते. मलायाच्या जीवनावरील त्यांच्या कादंबरीस १९३० सालीं फ्रान्समधील मानाचें गोंकूर पारितोषिक मिळालें.

मळा म्हटला कीं तण आलेंच. विषुववृत्ताजवळच्या त्या प्रदेशांत ऊन व पाऊस बाराहि महिने असतो. त्यामुळें गवतास विसावा म्हणून नाहीं. रबराच्या जुन्या मळ्यांत दक्षिण हिंदुस्थानांतून नेलेले तमिळ मजूर कुदळीनें जमीन खरवडून स्वच्छ ठेवीत. परंतु उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहून जाऊं लागली. मग जमिनीवर शेंगवर्गीय वेलींचें आच्छादन घालण्याची पद्धति आली. लालांग नांवाच्या चिवट गवतावर सोमलाचे क्षारहि शिंपडण्यांत आले. पण तें विष माणसांस व गुरांसहि घातक होतें.

तेलताडाच्या मळ्यांत प्रत्येक झाडाभोंवतीं एक वर्तुळ स्वच्छ ठेवावें लागतें. पिकलेल्या घडांतून सुटून पडणारीं फळें तेथें वेंचावयाचीं असतात, आणि त्यांतच भरपूर तेल असतें. एका हेक्टरांत अशीं सुमारें १४० झाडें, म्हणजे तितकींच वर्तुळें. शिवाय कापणीच्या वाटा वेगळ्याच. एवढें काम हातांनीं करावयाचें तर मजूर किती लागावे!

म्हणूनच १९६२ सालीं पॅराक्वाट बाजारांत आलें तेव्हां मळेवाल्यांस वरदान मिळाल्यासारखें वाटलें. वनस्पति सूर्यप्रकाशापासून जी शक्ति मिळविते, तिचा प्रवाह मध्येंच वळवून हें औषध पानें जाळून टाकतें. १९७४ सालीं ग्लायफोसेट आलें. वाढीस अवश्य असें एक पाचक द्रव्य निकामी करून तें मुळांपर्यंत पोंचतें. कुदळीच्या जागीं पाठीवरचा पंप आला, आणि तणाचा प्रश्न कायमचा सुटला अशी समजूत झाली.

पण सावधगिरीचा इशारा त्यापूर्वींच देण्यांत आला होता. १९५६ सालीं जॉन हार्पर या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञानें, किड्यांप्रमाणें तणहि एक दिवस विषांस दाद देईनासें होईल, असें सांगितलें होतें. त्याचा प्रत्यय या गवतानें आणून दिला. १९९० च्या सुमारास मलेशियांत पॅराक्वाटनें न मरणारें इल्युसाइन आढळलें. १९९७ सालीं पेराक प्रांतांत तेलुक इंतान येथें ग्लायफोसेटहि निष्फळ ठरलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं ग्लायफोसेटच्या उत्पादकांच्या शास्त्रज्ञांनीं असा प्रतिकार निर्माण होणें फारसें संभवनीय नाहीं असें प्रतिपादन केलें होतें. तिसरें औषध ग्लुफोसिनेट. त्यास न जुमानणारें तण जगांत प्रथम मलेशियांतच २००९ सालीं नोंदलें गेलें, आणि तें हेंच गवत होतें. पुढें तर अनेक प्रकारच्या औषधांस एकाच वेळीं पुरून उरणारें गवत तेथें सांपडलें.

हें घडलें कसें? औषधानें गवतास बळ दिलें असें पुष्कळांस वाटतें, पण तें खरें नव्हे. एका रोपास चाळीस-पन्नास हजार बिया येऊं शकतात. अशा कोट्यवधि रोपांत एखाद्याच्या घडणींत जन्मतःच लहानसा फरक असतो, आणि औषध त्याच्या वर्मीं बसत नाहीं. शेजारचीं सर्व रोपें मेलीं कीं मोकळी जमीन, ऊन व पाणी त्या एकट्यास मिळतें, आणि पुढल्या पिढींत त्याचीच संतति माजते. म्हणजे औषधानें प्रतिकार उत्पन्न केला नाहीं. त्यानें तो निवडून काढला. पेरणीसाठीं शेतकरी जसें उत्तम बियाणें निवडतो, तसेंच मळेवाल्यानें नकळत वर्षानुवर्षें उत्तम तणाचें बियाणें निवडलें.

या विषांची झळ केवळ गवतास लागली नाहीं. फवारणीचें काम बव्हंशीं स्त्रियांकडे, आणि त्यांत तमिळ वंशाच्या स्त्रियांकडे, असे. त्यांच्या प्रकृतीवर झालेल्या परिणामांचा प्रश्न तेनागानिता या संस्थेनें व तिच्या चालक आयरीन फर्नांडिस यांनीं धसास लावला. २००२ सालीं मलेशिया सरकारनें पॅराक्वाट बंद करण्याचें ठरविलें. २००६ सालीं ती बंदी शिथिल झाली. आणि १ जानेवारी २०२० पासून ती पूर्णपणें अमलांत आली. जें औषध गवतावर लागू पडेनासें झालें होतें, तें फवारणाऱ्या हातांस मात्र अखेरपर्यंत बाधक राहिलें.

मग उपाय काय? नवें औषध शोधावें, हें उत्तर सोपें वाटतें; पण तीन औषधांची गति आपण पाहिली. जाणते लोक आतां निराळा मार्ग सांगतात. एकच औषध सतत वापरूं नये. वेगवेगळ्या रीतीनें काम करणारीं औषधें आळीपाळीनें वापरावींत. मात्रा पुरी द्यावी. फवाऱ्यांतून वांचलेलें रोप बीं धरण्यापूर्वींच हातानें उपटावें. रोपवाटिकेंतून पिशव्यांच्या मातीबरोबर बीं मळ्यांत जाणार नाहीं याची दक्षता घ्यावी. तोडलेल्या झांवळ्या व तेल काढून उरलेले रिकामे घड जमिनीवर पसरावे. झाडांच्या ओळींत गुरें चारावींत. आणि तरुण मळ्यांत जुन्या पद्धतीचें वेलींचें आच्छादन पुन्हां घालावें. या कामीं आज तेथें नांवाजलेली म्युक्युना ब्रॅक्टिएटा ही वेल मूळची ईशान्य भारतांतील रानांतली असून आपल्या खाजकुइलीची ती जवळची नातलग आहे!

यांतला कोणताच उपाय एकटा पुरेसा नाहीं, आणि प्रत्येकास कष्ट व खर्च आहेतच. मजूर मिळत नाहींत ही मळेवाल्यांची तक्रारहि खोटी नव्हे. तथापि पन्नास वर्षांत वांचविलेली खुरपणी आतां व्याजासह भरावी लागत आहे. बेणणी करणारी कोंकणांतली बाई रोज नवी नजर टाकून गवत ओळखते. तिला कोणतेंहि गवत फार काळ फसवूं शकत नाहीं. औषध मात्र दर वेळीं एकाच जागीं घाव घालतें, आणि तो घाव चुकविणारें रोप त्याला ओळखतां येत नाहीं. शेतींतून पाहणाऱ्या डोळ्यांस रजा देतां येत नाहीं, एवढा धडा या क्षुद्र गवतानें मोठी किंमत घेऊन शिकविला आहे.